एलिव्हेटरचं बूड

बोटांना काहीतरी मऊ लागलं, आणि ते हललं.

कमळीनं हात मागे घेतला नाही. एकदा मागे घेतला की पुन्हा आत घालायचा धीर होत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले, ओठ घट्ट आवळले आणि मुठीत आलं तेवढं ओरबाडून बाहेर काढलं. बॅटरीच्या उजेडात मूठ उघडली. काळा पडलेला कोंडा, त्याला फुटलेले बुरशीचे तंतू, वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या आणि त्या सगळ्यात रुतलेली उंदराची पिल्लं. गुलाबी, डोळे न उघडलेली. त्यातल्या एकाचं तोंड अजून हलत होतं.

तिनं ते सगळं पाटीत टाकलं, मान वळवली आणि खड्ड्याच्या कोपऱ्यात भडाभडा ओकली.

"काय झालं गो काकी?" वरून विनोदनं हाक मारली. विनोद एलिव्हेटर चालवणारा. कमळी खाली उतरली की तो फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवी आणि ती वर येईपर्यंत खड्ड्याच्या काठावरून हलत नसे. तेवढं मात्र तो नेमानं करी.

"काय व्हायचंय? तुझ्या शेटचा परसाद काढतेय."

"ओकलीस काय?"

"ओकले. तुला पायजे काय?"

विनोद हसला, पण त्यानं नाकावरचा रुमाल काढला नाही.

कमळीला ओकारी येईनाशी होऊन कैक वर्षं झाली होती. घाणीचंही माणसाला वळण पडतं. मेलेल्या घुशी, आंबलेली पेंड, भाद्रपदातल्या दमट हवेत फसफसणारा मका, हे सगळं तिच्या हातांनी काढलेलं होतं. पण या पावसाळ्यातली घाण निराळी होती. ती नुसती कुजत नव्हती, वाढत होती. आज उपसावी तर चार दिवसांत पुन्हा तेवढीच.

तलासरीला हायवेपासून जरा आत हा कोंबड्यांच्या खाद्याचा कारखाना. मका, सोयाबीनची पेंड, भाताचा कोंडा आणि किनाऱ्यावरच्या आगर-चिखल्याहून येणाऱ्या सुक्या मासळीची भुकटी, हे सगळं एका खड्ड्यात ओतायचं आणि उंच कोठ्यांमध्ये चढवायचं. चढवायचं काम एलिव्हेटरचं. पत्र्याचं उभं नळकांडं, त्यात वरपासून खालपर्यंत फिरणारा रुंद रबरी पट्टा आणि पट्ट्यावर ओळीनं बसवलेले लोखंडी डबे. डबे खाली बुडातला माल ओरबाडून घेत, भरून वर जात आणि टोकाला वळताना पलीकडच्या घसरणीवर भिरकावून देत. तिथून माल कोठीत. जे सांडे ते खाली बुडात पडून राही. बुडाच्या पेटीला एक झडप होती. तिच्यातून एक खांदा आणि एक हात जेमतेम आत जाई. कारखान्यात तेवढा बारीक खांदा कमळीचाच होता.

एके काळी हा सगळा माल बायकांच्या डोक्यावरून वर जाई. कमळी लग्न होऊन नुकतीच आली होती तेव्हा. फळ्यांची लांब चढण होती, तिच्यावरून पाटी घेऊन चढायचं, कोठीच्या तोंडाशी ती उपडी करायची आणि हात झुलवत खाली यायचं. म्हातारा शेट खाली खुर्चीवर बसून ओरडे, बायका त्याला वरून वाकुल्या दाखवत. केसांत भुसा जाई, मान दुखे, पण घरी जाताना अंगाला मक्याचा वास यायचा. कोरडा, भाजल्यासारखा. नवरा लाहू तेव्हा म्हणायचा, "तू आलीस की भूक लागते."

मग एलिव्हेटर आला. बायका घरी गेल्या. राहिल्या दोघी. कमळी बुडासाठी, आणि जिवली झाडायला नि गोण्या शिवायला. जिवली पलीकडच्या पाड्यावरची, नवऱ्यानं टाकलेली, मुलाकडे राहणारी, कमळीहून चार-पाच वर्षांनी लहान. दोघी एकाच डब्यातलं खात. म्हणजे आधी खात. कमळीच्या हाताचा वास जाईना तसा जिवलीनं आपला डबा हळूच निराळा केला. लाहूसुद्धा दोन पावसाळ्यांपासून ओटीवर झोपत होता. खोकल्यानं तुझी झोप मोडते, असं तो सांगे. त्याला खोकला नव्हता.

जीपवाले तिला मागच्या फळीवर कडेला बसवत. शेजारी बसणारी बाई पदर नाकाला लावी आणि रस्ताभर बाहेर बघे. कमळी मग आपणही बाहेर बघे, म्हणजे वास दुसऱ्याच कोणाचा आहे असं वाटावं.

उन्हाळ्यात भूपतशेटनं एलिव्हेटर वाढवायचा काढला. म्हातारा शेट गेल्यावर कारखाना या मुलाकडे आला होता. बोलायला गोड. बाईमाणसाला बेन म्हटल्याशिवाय हाक मारायचा नाही. त्याला जुन्या कोठ्यांवर आणखी कोठ्या चढवायच्या होत्या, आणि त्यासाठी नळकांडंही तेवढंच वर न्यायचं होतं. डहाणूहून प्रविण नावाचा इंजिनीयर आला. वर बघत, मान खाजवत उभा राहिला.

"उंची कितीही वाढेल शेट," तो म्हणाला. "सिमेंटवाल्यांकडे याच्या चौपट उंच एलिव्हेटर आहेत. त्याचा काही प्रॉब्लेम नाही. पण मग मोटर मोठी घ्या, पट्टा नवा घ्या."

"पट्टा जोडून नाय चालणार? मोटर तर चांगली चालते ने."

"चालेल. पण स्पीड कमी करावा लागेल. एवढ्या उंच भरलेले डबे ही मोटर जोरात नाही ओढणार."

"मग हळू ओढू दे. आपल्याला कुठे गाडी पकडायची हाय?"

"तसं नाही हो. डबा टोकाला झपकन वळला तरच माल बाहेर फेकतो. हळू वळला की अर्धा माल डब्यातच राहतो, नाहीतर मागच्या मागे खाली पडतो. मका एकवेळ जाईल. हा कोंडा, ही मासळीची भुकटी, पावसात चिकटणारी वस्तू आहे ती. सगळी खाली बुडात जमेल."

"जमू दे. बूड साफ करायला आपली कमळीबेन हाय ने!" भूपतशेट मोठ्यानं हसला. प्रविण हसला नाही. पण त्यानं ते काम केलं आणि निघून गेला. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि एलिव्हेटर ताडांच्या शेंड्यांच्या वर गेला. हायवेवरून दिसू लागला. शेट आल्यागेल्याला तो दाखवी. "एवढ्या उंच माल चढवणारा या पट्ट्यात कोणी नाय."

जितकं वर चढवलं तितकं खाली येऊ लागलं. पाऊस लागल्यावर तर विचारायची सोय उरली नाही.

आजवर उपसलेली घाण मागच्या ओढ्याकाठी टाकत. ओकारी आली त्या दिवशी कमळी शेवटची पाटी घेऊन वर आली, तर भूपतशेट पडवीच्या तोंडाशी उभा होता. नाकाला रुमाल. समोर पाट्यांचा ढीग झाला होता आणि त्यावर माश्यांचं काळं झाकण बसलं होतं.

"केवढा माल वाया जातो बघ, कमळीबेन."

"माल कुठला शेट? गू हाय नुसता."

"अरे, ओला झालाय म्हणून वास मारतो. पंख्याखाली पसर. किडे-बिडे चाळून काढ. सुकला की नवीन मक्यात थोडा थोडा सोड. उसाची मळी मारू वरून. गोड वास येईल."

कमळीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तिनं विनोदकडे पाहिलं. विनोद खिशातला फ्यूज चाचपत होता.

"हे परत चढवायचं?"

"मग काय, फेकायचं? एकदा वर गेलं की सगळं सारखं, बेन."

तिनं ते केलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणा, नाहीतर इतक्या वर्षांत सांगितलेलं काम न करायची सवय नव्हती म्हणून म्हणा. ताडपत्रीवर तो चिखल पसरला. सुकताना त्याचे पोपडे सुटले, ते तिनं पायानं फोडले. चाळणीवर अळ्या राहिल्या, उंदरांचे केस राहिले, खालची भुकटी करडी, मऊसर, रांगोळीसारखी पडली. ती मक्यात मिसळल्यावर खरंच दिसेनाशी झाली. विनोदनं फ्यूज बसवला, बटण दाबलं, पट्टा धडधडत सुरू झाला आणि डबे भरभरून वर जाऊ लागले. जिवली पलीकडच्या टोकाला पिवळ्या गोण्यांची तोंडं शिवत बसली होती.

त्या रात्री लाहूनं पुढ्यात ठेवलेली भाकरी कमळीनं तशीच सारली. तिला सारखं वाटत होतं, आपल्या दातांत ती भुकटी आहे.

पुढल्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी ती रानशेतला निघाली. तिची लेक निलम तिथं दिलेली. चारोटीपर्यंत हायवेची जीप, तिथून डहाणूच्या बाजूला जाणारी दुसरी. निलमच्या बचत गटाला एका प्रकल्पातून सुधारित जातीच्या कोंबड्या मिळाल्या होत्या. घरामागं बांबूच्या चिव्यांचा खुराडा नवऱ्यानं हौसेनं बांधला होता. फोनवर निलम दुसरं काही बोलतच नसे. अंडी, पिल्लं, आठवड्याचा बाजार. या कोंबड्यांवर घराला पत्रे घालायचे असं तिनं मनात धरलं होतं.

कमळी अंगणात पाऊल टाकते तोच निलम म्हणाली, "बरं झालं आलीस आये. ह्यांना काय झालंय बघ ना."

कोंबड्या खुराड्याच्या कडेला अंग फुगवून बसल्या होत्या. माना खाली, डोळ्यांवर पांढरं झाकण. खाली हिरवी पातळ हगवण. एक कुशीवर पडून पाय झाडत होती. खुराड्यामागं उकरलेली ओली माती दिसत होती, तिथं आधीच्या पुरल्या होत्या.

"कालपास्नं मरतात. डॉक्टरची लस दिली होती, तरी. योगिताताईच्या पण मेल्या, गटातल्या सगळ्यांच्याच." योगिता गटाची अध्यक्ष. "खायला बी मी चांगलं घातलं. तुमच्याच कारखान्याचं. प्रकल्पवाल्यांनी तेच दिलंय."

ओटीवर पिवळी गोणी उभी होती. तोंड उघडं. निलमची दीड-दोन वर्षांची पोर तिला धरून उभी राहिली होती आणि मूठ आत घालून खेळत होती. कमळी जवळ गेली. आधी मळीचा गोड वास आला. मग त्या गोडाच्या खालून तो दुसरा. तिला तो ओळखायला वाकावंसुद्धा लागलं नाही. तिच्या स्वतःच्या नखांत तो होता.

पोरीनं मूठ तोंडाकडे नेली.

कमळीनं तिच्या हातावर फटका मारला. पोर भेदरली, मग किंचाळली.

"आये! पोरीला मारतेस?"

"थुंकायला लाव तिला! तोंड धू, आधी तोंड धू तिचं!"

"अगो पण काय झालं?"

"घाण हाय ती! कुजलेली. उंदीर, किडे... मी काढलीय ती घाण. खड्ड्यातून, या हातानं."

निलमनं पोरीला उचलून मोरीवर नेलं, तोंडात बोट घालून घालून चुळा भरायला लावल्या. पोर रडत होती, ठसकत होती. मग निलमनं तिला कडेवर घेतलं आणि आईकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

"काढलीस, मग गोणीत कशी आली?"

कमळीनं हात पदराखाली घेतले.

"आये, मी विचारते काय?"

"शेटनं सुकवायला सांगितलं. परत चढवायला सांगितलं."

"आणि तू चढवलंस?"

खुराड्यातली ती कोंबडी पाय झाडायची थांबली होती. निलमच्या तोंडावर जे आलं ते कमळीनं जीपमध्ये, बाजारात, दुकानाच्या पायरीवर अनेकदा पाहिलं होतं. लेकीच्या तोंडावर ते आजच पाहिलं. निलमनं चहा केला, कप खाली ठेवला आणि पोरीला घेऊन आत गेली. निघताना कमळीनं नातीसाठी हात पुढे केले. "झोपलीय ती," निलम दारातूनच म्हणाली. आतून पोरीचं बडबडणं ऐकू येत होतं.

पण निलमनं गप्प बसायचं ठरवलं नव्हतं. त्याच दिवशी ती योगिताकडे गेली. योगिता तोंडाची पक्की बाई. तिनं शेटला फोन लावला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असा ठेवला.

"अरे योगिताबेन, रागावता कशाला?" शेटचा आवाज मधासारखा होता. "गाडीत ओली झाली असतील गोणी. पाऊस केवढा हाय. मी बदलून देतो ने. सगळ्या गोणी परत द्या, नवीन घ्या. वांधा काय?"

दुसऱ्या दिवशी टेम्पो रानशेतला गेला. नव्या गोण्या उतरल्या, जुन्या चढल्या. योगितानं वर तालुक्याला तक्रारही केली. कोणीतरी माणूस येऊन कारखान्यात नमुना घेऊन गेला. शेटनं त्याला नवा मका दाखवला, चहा पाजला, मान मोडेपर्यंत वर बघायला लावून एलिव्हेटरची उंची सांगितली. त्यानं मक्याची एक पिशवी भरली आणि तो गेला.

परत आलेल्या गोण्यांचं काय होतं ते कमळीनं पाहिलं. टेम्पो सरळ खड्ड्याच्या काठाशी लागला.

"टाके उसव, कमळीबेन," शेट म्हणाला. "विनोद, मळी जरा जास्त मार या वेळी."

कमळी विळा घेऊन पहिल्या गोणीपाशी गेली. टाके उसवले. गोणीत एक कोंबडीचं पीस होतं, कोणाच्या तरी खुराड्यातून आलेलं, पांढरं. ते ओल्या भुकटीला चिकटून बसलं होतं. तिनं विळा खाली ठेवला.

"शेट, ह्यानं कोंबड्या मेल्या."

"रोगानं मेल्या. पावसात रोग येतोच. मी बदलून दिल्या ने गोण्या? मग?"

"आता ह्या कोणाला देणार?"

"ते तुला काय करायचंय, बेन?"

कमळीनं गोणीत हात घातला. मूठ भरली आणि शेटसमोर धरली. "घ्या. हातात घ्या एकदा. वास घ्या."

"ए, ए... काय करते!"

"नुसती हातात घ्या. मी तर खांद्यापावेतो हात घालते. माझी नात खात होती ही. तुम्ही नुसती हातात घ्या."

ती एक पाऊल पुढे आली. भूपतशेट मागे सरला. रुमाल नाकावर दाबून आणखी मागे सरला आणि पाय ताडपत्रीत अडकून धडपडला. टेम्पोचा ड्रायव्हर दुसरीकडे बघू लागला. विनोद जागचा हलला नाही, पण त्यानं मळीचं डबडं खाली ठेवलं. शेट एवढा गोडबोल्या माणूस, पण त्याच्या तोंडून गोड काही निघेना.

"घरी जा," तो शेवटी म्हणाला. "उद्यापासून येऊ नको. घाण साली. कोणी जवळ उभं करत नाय, मी ठेवली." मग मान वळवून त्यानं हाक मारली, "जिवली! इकडे ये. टाके उसव. आणि उद्यापासून बूड तू बघायचं."

जिवली शिलाईच्या कोपऱ्यातून उठली. पदर खोचला. तिनं जमिनीवरचा विळा उचलला आणि कमळीकडे न पाहता दुसऱ्या गोणीचे टाके कापायला लागली.

"जिवले," कमळी म्हणाली, "नको करू गो."

जिवलीनं गोणी उलटी केली.

कमळी थुंकली. जिवलीच्या पायापाशी, अगदी अंगठ्याजवळ. मग मुठीतली भुकटी तिथंच झटकून ती फाटकाबाहेर पडली. मागं पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला. विनोदनं बटण दाबलं होतं की शेटनं स्वतः, ते तिनं वळून पाहिलं नाही.

घरी बसून ती लिंबाचा पाला उकळून अंग घासायची. राखेनं हात घासायची. कातडी सोलवटली, पण वास गेला असं तिला वाटेना. लाहू म्हणायचा, गेला. ती म्हणायची, तू खोटं बोलतोस. भात कापायला अजून अवकाश होता, नागलीचं पीक उभं होतं, तोवर कोणाच्या तरी वाडीवर चिकू तोडायचं काम मिळेल अशी बोलणी चालली होती. निलमचा फोन आला नव्हता. कमळीनंही केला नव्हता.

मंगळवारी वीज नसे, कारखाना बंद असे. अशाच एका दुपारी कुंपणाशी कोणीतरी उभं असलेलं तिला दिसलं. कुत्रं भुंकत होतं, पण जवळ जात नव्हतं. जिवली होती.

कमळी ओटीवरून हलली नाही. "काय काढलंस?"

जिवलीचा उजवा हात खांद्यापर्यंत सुजला होता, झडपेची कड जिथं घासते तिथं सालटं गेलं होतं. कमळीसारखा बारीक नव्हता तो खांदा. तो आत घालायचा म्हणजे कोंबावाच लागला असणार. केसांची एक जाड जटा होऊन मानेला चिकटली होती.

"सून घरात घेत नाय," जिवली म्हणाली. "म्हणते, बाहेरच जेव. पोरगा काय बोलत नाय." तिनं मानेवरची जटा ओढून पाहिली. "काल आत हात घातला तर काहीतरी... काहीतरी हललं गो."

कमळी तिच्याकडे बघत राहिली. वास इथपर्यंत येत होता. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. उठावं, आत जावं, दार लावून घ्यावं असं वाटलं. थुंकावं असंही वाटलं.

"कसं करायचीस तू?" जिवलीनं विचारलं. "एवढी वर्षं. कसं करायचीस?"

ओटीच्या टोकाला लाहू नागलीच्या रानासाठी बुजगावण्याची काठी तासत बसला होता. त्यानं हात थांबवला.

"पाणी तापव," कमळी त्याला म्हणाली. "मोठ्या हंड्यात. आणि शिकेकाई काढ ती, फळीवरची."

तिनं जिवलीला मागच्या दगडावर बसवलं. पदर कमरेला खोचला, जिवलीची मान एका हातानं धरली आणि खाली वाकवली. पहिला तांब्या ओतला तेव्हा जिवलीच्या केसांतून काळं पाणी निघालं, आणि त्याबरोबर जो भपकारा आला त्यानं कमळीचे डोळे भरून आले. तिनं तोंड फिरवलं, श्वास घेतला आणि पुन्हा वळली. जटा सुटत नव्हती. ती बोटांनी एकेक केस मोकळा करू लागली. जिवलीचा सगळा देह हुंदक्यांनी हलत होता. "डोळे मीट. शिकेकाई जाईल," एवढंच कमळी एकदा म्हणाली.

पाण्याची धार दगडावरून उतरून भोपळ्याच्या वेलाकडे निघाली. तिच्यात मक्याच्या कण्या होत्या, कोंडा होता. शेजारच्या घरची कोंबडी ते बघून पिल्लांसकट धावत आली आणि पायांनी उकरू लागली.

"हाड! हाड गो!" कमळी ओरडली. हातात जिवलीची मान होती, तिला उठता येईना. "हाकल तिला! खाऊ देऊ नको!"

लाहू काठी टाकून धावला. त्यानं पिल्लं हुसकावली, आणि मग फावडं आणून, वाकून, त्या पाण्याच्या धारेवर माती ओढू लागला. धार पुढं सरके तशी तो मागोमाग माती ओढत गेला. कमळीनं हंड्यात तांब्या बुडवला आणि जिवलीची मान आणखी थोडी खाली वाकवली.